रिकम्बंट तीनचाकी : वळणावर उलटते का, आणि गावात बांधता येते का?

धामकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या भावाला कानाच्या आतल्या दुखण्यामुळे तोल सांभाळता येत नाही. पाय ठणठणीत आहेत, दम आहे, पण दोन चाकी सायकल आता बंद. गाव आर्वी तालुक्यात. घरापासून वावर चारेक किलोमीटर. अर्धा रस्ता डांबरी, पुढे मुरूम आणि शेवटी पांदण. मधे नाल्याचा रपटा, म्हणजे बुटका फरशी-पूल आहे. तिथे उतार संपतो न संपतो तोच डावीकडे वळण लागतं.

ओळखीच्यांकडून उंच सीटची तीनचाकी आणून त्याला चालवायला दिली होती. सरळ रस्त्यावर छान चालली, रपट्याच्या वळणावर मात्र आतलं मागचं चाक उचललं. पडला नाही, पण त्यानंतर तो तिच्यावर बसायला तयार नाही. मोटरसायकलवर मागे बसून रोज कुणाच्या तरी भरवशावर वावरात जायचं, हे त्याच्या फार जिव्हारी लागतं.

आता आडवं रेलून बसायच्या, म्हणजे रिकम्बंट तीनचाकीचा विचार आहे. पहिली शंका वळणाची: खाली बसल्याने खरंच किती फरक पडतो? दुसरी बांधणीची. बाहेरून मागवायची म्हटली तर लाखांच्या घरात जाते. आपल्याकडे फॅब्रिकेशनवाले हुशार आहेत, पण त्यांनी बांधलेली तीनचाकी वर्षभर टिकेल का? ज्यांनी चालवली वा बांधली आहे त्यांनी मोकळेपणाने लिहा.

मेळघाट_भटक्या

आधी दोन जाती वेगळ्या करू, नाहीतर पुढे सगळा गोंधळ होईल. पुढे एक चाक आणि मागे दोन ती डेल्टा. पुढे दोन आणि मागे एक ती टॅडपोल. तुम्ही आणलेली उंच सीटची डेल्टा होती. आपल्या सायकलरिक्षाही त्याच जातीच्या.

माझ्या मित्राकडे विलायती टॅडपोल आहे, इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या आयसीई कंपनीची. तिच्यावर मी चिखलदऱ्याहून परतवाड्याला उतरलोय. चिखलदरा अकराशे मीटरवर, म्हणजे उतार भरपूर. पहिल्या दोन-तीन वळणांवर हात घट्ट आवळले होते, मग लक्षात आलं की गाडी आधी सूचना देते. आतल्या बाजूचं चाक हलकं व्हायला लागलं की हँडलमध्ये कळतं. तेव्हा खांदे आत झुकवले की चाक परत बसतं. ब्रेक वळणाआधी मारायचा हे खरंच, पण वळणात मारावा लागला तरी टॅडपोल सांभाळून घेते, कारण ब्रेक मारला की भार पुढे जातो आणि पुढे दोन चाकं पसरलेली असतात. डेल्टामध्ये तोच भार एकट्या चाकाकडे जातो. रपट्यावर उतारात ब्रेक मारत वळलात की चाक उचललं जाणारच. तुमच्या भावाने काही चुकीचं केलं नव्हतं, त्यांना आवर्जून सांगा.

कापूसवेचा

भाऊ, इतक्या खाली बसून चालवाची म्हणजे गावातल्या कुत्र्यायसंग डोयाले डोया भिडवत जाची. आमच्या गावचे कुत्रे मोटरसायकलच्या मांगं लागते, ह्या गाडीच्या त मांडीवरच येऊन बसतीन 😄

सायकलवेडी_अकोला

कापूसवेचा भाऊ, हसू आलं, पण मुद्दा खरा आहे. फक्त कुत्र्यांचा नाही, ट्रकवाल्यांचाही. ऊस किंवा कापूस भरलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला इतक्या खालचं दिसत नाही. मागे दीड-दोन मीटर उंच काठीवर भगवा-पिवळा झेंडा लावल्याशिवाय डांबरी रस्त्यावर जाऊ नये.

माझं मात्र भटक्यांशी थोडं दुमत आहे. आडव्या बसणीतही डेल्टा असते. जर्मनीच्या हासे कंपनीची केटवीझल पाहा, बसणी आडवी, मागे दोन चाकं, सगळं वजन मागच्या धुरीजवळ, म्हणजे चाकांच्या आसाजवळ. तिच्यात बसायला काहीही ओलांडावं लागत नाही, खुर्चीत बसतो तसं मागे सरकून बसायचं. टॅडपोलमध्ये दोन चाकांमधला आडवा दांडा ओलांडून उलटं खाली बसावं लागतं. ज्याला तोल नाही, त्याच्यासाठी चढणं-उतरणं हाच सगळ्यात अवघड क्षण असतो. माझ्या सासऱ्यांना टॅडपोलमधून उठवायला दोघं लागायचे.

त्रिज्या

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून आकड्यांतून सांगतो.

तीनचाकी उलटते ती एकट्या चाकापासून जोडीतल्या बाहेरच्या चाकापर्यंत जाणाऱ्या रेषेवरून. त्यामुळे तीन गोष्टी मोजायच्या. जोडीच्या दोन चाकांमधल्या अंतराचा अर्धा भाग. एकूण वजनातला किती हिस्सा जोडीवर पडतो. आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून किती वर. पहिल्या दोघांचा गुणाकार तिसऱ्याने भागा. जो आकडा येईल तितक्या पट गुरुत्वाकर्षणाएवढा आडवा जोर गाडी सहन करते. त्यापलीकडे चाक सुटतं.

उंच सीटची डेल्टा घ्या. चाकांतलं अंतर ७० सेंमी, जोडीवर ६० टक्के वजन, माणसासकट गुरुत्वमध्य ९० सेंमी. उत्तर येतं ०.२३. वळणाची त्रिज्या ६ मीटर धरली तर ताशी १३ किमीला चाक उचलतं. दोन चाकीवर आपण सहज त्यापेक्षा जोरात वळतो, म्हणून माणूस फसतो.

आता टॅडपोल. अंतर ८० सेंमी, जोडीवर ६५ टक्के, बसणी जमिनीपासून ३० सेंमी, म्हणजे गुरुत्वमध्य साधारण ४२. उत्तर ०.६२, त्याच वळणावर ताशी जवळजवळ २२ किमी.

ताईंचा मुद्दा लक्षात घेऊन बसणी १५ सेंमीने उंच केली, म्हणजे ४५, तर गुरुत्वमध्य ५५ वर जातो. उत्तर ०.४७, वेग १९. म्हणजे उठता-बसता येईल अशी खुर्चीएवढी उंची घेऊनही नुकसान ताशी तीन किमीच्या आतच. वेग वर्गमुळात येतो, त्याचा हा फायदा. वावरात जायच्या गाडीला मी डोळे झाकून ४५ ची बसणी सुचवीन. जमिनीला पोट घासणाऱ्या गाड्या शर्यतीच्या लोकांना लखलाभ.

कापूसवेचा

सर, शायेत तुमी असे शिकवले असते त मी दहावीत गणितात अटकलो नसतो.

सायकलवेडी_अकोला

त्रिज्या सर, ४५ सेंमीची टॅडपोल मला मान्य आहे. आडव्या दांड्यावर दोन्ही बाजूंना हाताने धरून उठायला मुठी लावायच्या. आणि बसताना चाकं हलू नयेत म्हणून ब्रेकला अडकवायची कडी हवीच हवी. ती नसली तर बसताना गाडी मागे सरकते आणि माणूस खाली.

लेथवाला_कारंजा

मी लेथ आणि वेल्डिंगचं काम करतो. अपंगांच्या तीनचाक्या दुरुस्तीले लय येतात माझ्याकडे, अन् दोन टॅडपोल पण बांधल्या. बांधणीचं मी सांगतो.

पयले चाक. दोन चाकी वळताना तिरपी होते, म्हणून चाकावर जोर उभाच राह्यते. तीनचाकी तिरपी होत नाही, सगळा जोर चाकाले बाजूनं लागते. म्हणून २६ इंची चाक पुढं लावू नका, रिमले आउट निघतो अन् एक दिवस चाक पापडावानी दुमडते. २० इंची चाक घ्या, ३६ आऱ्याचं, हबची थाळी रुंद. पोरांच्या सायकलीचं टायर-ट्यूब तालुक्याच्या कोणत्याही दुकानात भेटते.

दुसरं, धुरी. इथंच सारे मार खातात. दोन चाकीचं चाक चिमट्यात दोन्हीकडून धरलेलं असते. टॅडपोलचं पुढचं चाक एकाच बाजूनं धरलेलं. साधी सायकलची बारीक धुरी तिथं लावली की महिन्याभरात वाकते. मी ईएन-८ पोलादाचा गज घेतो, १५ मिलिमीटर, अन् हबात ६२०२ चे दोन बेअरिंग, जितके दूर बसतीन तितके दूर. खांद्याजवळ काटकोनात कट मारत नाही, टूलले गोलाई देतो. काटकोनी कोपरा ठेवला की तुटाची सुरुवात तिथूनच होते. बाहेरून काही दिसत नाही, एक दिवस कडक आवाज येते अन् चाक वेगळं.

तिसरं, पाईप. पाण्याचा जस्ताचा पाईप वापरू नका. वेल्डिंगमधे जस्ताचा धूर निघते, तो छातीले वाईट, अन् सांधाही भरवशाचा बसत नाही. ईआरडब्ल्यू, म्हणजे लांबीनं शिवण वेल्ड केलेला बिनजस्ताचा पाईप घ्या, मधल्या दांड्याले ५० मिलिमीटर, १६ गेज. आडवा दांडा जिथं मधल्या दांड्याले मिळते तिथं खालून पट्टी मारा. तिथंच चीर जाते. रंगावर केसाएवढी रेष दिसली अन् त्यातून तांबूस गंज पाझरला, की समजून जा. वरून परत वेल्डिंग मारून भागत नाही, घासून मूळ चीर काढा लागते.

हातपेडल

मी चंद्रपूर जिल्ह्यात राहतो. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून हाताने चालवायची तीनचाकी हेच माझे पाय. वरची सगळी चर्चा मन लावून वाचली, कारण माझ्यासारख्यांना हे कुणी समजावून सांगत नाही. तीनचाकी वाटपाच्या मंडपात मिळते, हार घातला जातो, फोटो निघतो आणि माणूस घरी जातो. वळणावर काय करायचं, ब्रेक कधी मारायचा, सामान कुठे ठेवायचं, याबद्दल एक शब्द नाही.

मी दोनदा उलटलोय. दोन्ही वेळा उतार, वळण आणि ब्रेक एकत्र. आता मी उताराच्या माथ्यावरच वेग मारतो, वळणात हात पेडलवर ठेवतो आणि अंग आत टाकतो. हे मी स्वतः मार खाऊन शिकलो. भटक्यांनी भार एकट्या चाकाकडे जातो असं लिहिलं, ते वाचून पहिल्यांदा कारण समजलं.

माझी तुम्हा सगळ्यांना विनंती आहे, धाग्यात हातपेडलच्या गाडीलाही जागा द्या. आमच्याकडे पायाने चालवायच्या गाडीची निवडच नसते.

त्रिज्या

हातपेडल दादा, तुमच्या गाडीची मापं कळवा, मी नक्की हिशोब करून देतो. सीट ५ सेंमी खाली किंवा मागे घेता आली तरी फरक पडेल. डेल्टामध्ये वजन जितकं मागच्या धुरीच्या जवळ, तितकं चांगलं.

लेथवाला_कारंजा

दादा, सीट मागं घ्यायचं काम कठीण नाही. पण हात पेडलले पुरले पाह्यजे, कोपर पूर्ण ताणलं जाऊ नये. कारंज्याकडं आले त गाडी घेऊन या, मी करून देतो.

मेळघाट_भटक्या

हातपेडल, आयआयटी मद्रासमध्ये तयार झालेली निओबोल्ट पाहिली आहे का? व्हीलचेअरला पुढे मोटरचं एक चाक जोडतात, म्हणजे तीही डेल्टाच. वेग ताशी २५ पर्यंत. पण वळणाचा नियम तिलाही तोच.

विदर्भकन्या

विषयांतर होतंय पण राहवत नाही. आडव्या सायकली नवीन नाहीत. १९३३ मध्ये फ्रान्सिस फॉर या फ्रेंच स्पर्धकाने शार्ल मोशेने बनवलेल्या आडव्या सायकलवर तासाभरात ४५ किमीहून जास्त अंतर कापून विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी जागतिक सायकल संघटनेने अशा सायकली स्पर्धेतून बाद केल्या. मोठे कारखाने तिकडे वळलेच नाहीत. आज भावाच्या गाडीसाठी लेथवाल्यांकडे जावं लागतं, त्याची मुळं तिथवर जातात.

कापूसवेचा

म्हणजे जिंकली म्हणून काढून टाकली? हे त आमच्या पोळ्याच्या बैलाच्या बक्षिसासारखं झालं.

धामकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. हातपेडल दादा, तुमचं वाचून बराच वेळ बसून राहिलो. हा धागा तुमचाही आहे.

रपट्यावर जाऊन वळण मोजलं. भावानेच दोरी धरली. आतल्या कडेने त्रिज्या साडेपाच-सहा मीटर येते, सरांनी धरलेला आकडा जवळजवळ तोच. बाहेरच्या कडेने घेतलं तर आणखी मोठी, पण समोरून ट्रॅक्टर आला तर आतलीच कड मिळते.

दोन प्रश्न. हंगामात त्याला फवारणीचा पंप न्यावा लागतो, सोळा लिटरचा, भरलेला. वावरात पाणी नाही म्हणून घरूनच भरून न्यायचा. तो कुठे ठेवायचा? आणि पांदणीतल्या बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या चाकोऱ्या, त्यांचं काय?

त्रिज्या

पंपाचा प्रश्न फार महत्त्वाचा. टॅडपोलला मागच्या चाकावर कॅरिअर करून पंप उभा ठेवला तर वजन एकट्या चाकाकडे आणि वरही जातं, दोन्ही वाईट. माणूस आणि गाडी मिळून ९० किलो, पंप २० किलो धरला तर जोडीवरचा हिस्सा ६५ वरून ५५ टक्क्यांवर येतो. आकडा ०.४७ वरून ०.३७ आणि वेग १९ वरून १७. शिवाय पाणी हिंदकळतं ते वेगळंच. त्यापेक्षा पाणी दोन कॅनमध्ये, सीटच्या दोन्ही बाजूंना चाकाच्या धुरीच्या उंचीवर, आणि रिकामा पंप मागे. कॅन धुरीच्या जितके जवळ जातील तितकं बरं.

सायकलवेडी_अकोला

इथे डेल्टा जिंकते बरं का सर. मागे दोन चाकांमध्ये खाली पेटी केली की पाणी, खत, तुरीचं पोतं, सगळं बसतं, आणि भार जितका जास्त तितकी मागची बाजू जड. शिवाय पुढे साधा सायकलचा चिमटा लागतो, स्टिअरिंगचे खिळे आणि सांधे बनवायची कटकट नाही. गावात दुरुस्त होणारी गाडी हवी असेल तर हा विचार सोडू नका.

त्रिज्या

ताई, भरलेली असताना खरं आहे. वावरातून परत येताना पेटी रिकामी असते आणि रपटा तोच असतो. रिकाम्या गाडीवर उतारात ब्रेक मारत वळायची वेळ आली तर मला टॅडपोलच हवी. धामकाठ यांच्या भावाला एकदा चाक उचलल्याची भीती बसली आहे, तीही मोजायला हवी.

सायकलवेडी_अकोला

भीतीचा मुद्दा मानला. भारासाठी डेल्टा या मतावर मी ठाम आहे, पण या माणसाला टॅडपोल द्या.

मेळघाट_भटक्या

चाकोऱ्यांबद्दल. बंडीची चाकोरी तीनचाकीपेक्षा कितीतरी रुंद असते. टॅडपोलची तीन चाकं तीन वेगळ्या रेषांत चालतात, त्यामुळे एक चाक चाकोरीत आणि दुसरं मधल्या उंचवट्यावर. गाडी सतत एका अंगावर. सर, याचाही हिशोब द्या ना.

त्रिज्या

देतो. ४५ सेंमी बसणीच्या गाडीचा ०.४७ हा आकडा म्हणजे २५ अंशांचा कोन. चाकोरीमुळे एक चाक दुसऱ्यापेक्षा १४ सेंमी खाली गेलं तर १० अंश तिथेच संपले. उरले १५. त्या अवस्थेत बाहेरचं चाक खाली असेल तर सहा मीटरच्या वळणावर मर्यादा ताशी १४ किमी. पांदणीत तेवढा वेग कुणी मारत नाही, पण चाकोरीतून एकदम बाहेर काढायला हँडल झटकन वळवू नये.

पांढरकवड्याचा

काळ्या मातीचं कुणी बोललंच नाही. पावसाळ्यात पांदणीत तीनचाकी नेऊ नका. चिखल मडगार्ड आणि चाकाच्या मधे असा भरतो की दहा पावलांत तिन्ही चाकं जाम होतात. दोन चाकी खांद्यावर घेता येते, ही पंचवीस किलोची धूड कोण उचलणार? पावसाळ्यात डांबरीच्या टोकाला कुणाच्या कोठ्यात ठेवा. मडगार्ड आणि टायरमध्ये चार बोटं जागा ठेवा.

आणि बाभळीचे काटे. तीन चाकं तीन रेषांत, म्हणजे काटा चुकायची संधी कमी. ट्यूबच्या बाहेर जुन्या ट्यूबची पट्टी कापून घाला.

कापूसवेचा

मे महिन्यात डांबरापासून दीड फुटावर पाठ टेकून बसाचं, चंद्रपूर सत्तेचाळीसच्या पुढं गेलं असते. सीटले रेक्झिन नका लावू, भाजून निघन माणूस. खाटीची निवार विणा.

विदर्भकन्या

निवार! उत्तम कल्पना. हवा खेळते, सैल पडली तर घरी ताणता येते.

नागपूर_इलेक्ट्रिक

एवढं करण्यापेक्षा मोटर बसवा ना. २५० वॅटच्या आतली आणि ताशी २५ च्या आतली असेल तर नोंदणीही लागत नाही. हवं तर समृद्धीवरून मुंबईला जा.

मेळघाट_भटक्या

समृद्धीवर मोटरसायकललाही मनाई आहे दादा, तीनचाकी सायकल कुठून जाणार. मोटर वाईट नाही, पण मागच्या चाकात बसली की वजन परत एकट्या चाकाकडे. आणि टॅडपोलमध्ये वळणात जोर दिला की पुढचा भार मागे सरकतो. पायाचा जोर तेवढा नसतो, मोटरचा असतो. आधी वर्षभर पायाने चालवू द्या.

लेथवाला_कारंजा

धामकाठ भाऊ, बांधायचं ठरलं त स्टिअरिंगचं आधी समजून घ्या, कारण फॅब्रिकेशनवाले तिथंच घाई करतात.

चाक ज्या खिळ्यावर वळते तो खिळा उभा नको, वरून आत कललेला हवा. त्या खिळ्याची रेष खाली वाढवली त टायर जमिनीले टेकते तिथंच टेकली पाह्यजे. चाकाची त्रिज्या २५ सेंमी अन् खिळ्यापासून चाकाचा मध्य ६ सेंमी असन त कल साडेतेरा अंशाच्या आसपास येते. हे चुकलं की एका बाजूचा ब्रेक मारल्याबरोबर गाडी त्या बाजूले ओढते. दोन्ही चाकांचे ब्रेक वेगळे असतात, म्हणून हे फार महत्त्वाचं.

दुसरं, वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळलं पाह्यजे, कारण त्याचा गोल लहान. खिळ्याच्या मध्यापासून टाय रॉडच्या (दोन्ही चाकं संग वळवणाऱ्या दांड्याच्या) टोकातून दोन्ही बाजूंनी दोरी मागं ताणा. दोन्ही दोऱ्या मागच्या चाकाच्या धुरीच्या मध्यावर भेटल्या पाह्यजे. नाही भेटल्या त वळणात एक चाक घासत जाते.

टाय रॉडच्या एका टोकाले उजवा धागा अन् दुसऱ्याले डावा ठेवा, म्हणजे रॉड फिरवून चाकांची दिशा लावता येते. पुढच्या बाजूनं अंतर मागच्यापेक्षा एक-दोन मिलिमीटर कमी. जास्त ठेवलं त टायर पेन्सिलच्या रबरासारखा झिजते.

विदर्भकन्या

लेथवाले दादांनी सांगितलेली ही आतलं चाक जास्त वळवायची युक्ती रुडॉल्फ अकरमन यांनी १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये घोडागाड्यांसाठी नोंदवली होती. मूळ कल्पना जर्मनीतल्या गेऑर्ग लांकेनश्पेर्गर या गाडी बनवणाऱ्याची.

लेथवाला_कारंजा

ताई, मी तं ते जुन्या जीपची पुढची धुरी खोलून शिकलो.

धामकाठ (धागाकर्ता)

भावाला हा अख्खा धागा वाचून दाखवला. त्याचं म्हणणं, बसणी ४५ ची, चाकांतलं अंतर ८० चं, निवारीची सीट, आणि झेंडा भगवा-पिवळा नको, तिरंग्याच्या रंगांचाही नको, निव्वळ केशरी. दारातून आत येणार नाही म्हणून कोठ्यात गुरांच्या शेजारी जागाही मोजून आला. कितीतरी महिन्यांनी तो स्वतःहून काहीतरी मोजायला उठला.

एकच शंका त्याच्या मनात आहे. सरांचे आकडे कागदावरचे आहेत. गाडी तयार झाल्यावर, तो रपट्यावर जाण्याआधी, ती नक्की किती धरते हे घरी तपासता येईल का?

त्रिज्या

येईल, आणि अगदी सोप्या रीतीने. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद मजबूत फळी किंवा जुनं दार घ्या. गाडी त्यावर लांबीच्या दिशेने उभी करा, ब्रेक बांधा. भावाला बसवा, पट्टा लावा. दोन्ही बाजूंना दोन-दोन धडधाकट माणसं उभी करा, हात गाडीपासून वीतभर दूर, पण तयार. मग फळीची एक लांब कड हळूहळू उचला. वरच्या बाजूचं चाक फळी सोडेल तेव्हा थांबा आणि कड जमिनीपासून किती वर आली ते मोजा. मीटरभर रुंद फळीची कड ४२ सेंमी वर येईपर्यंत चाक टेकून राहिलं तर २५ अंश मिळाले, म्हणजे रपट्यावर १९ किमी. उंच सीटची ती जुनी तीनचाकी याच फळीवर २२-२३ सेंमीला चाक सोडेल. आधी तिच्यावर करून बघा, मात्र भावाला न बसवता, त्याच्या वजनाची पोती सीटवर बांधून. पोतं माणसाएवढं उंच बसलं पाहिजे, नुसतं वजन सारखं असून चालत नाही.

जोडीवरचा हिस्सा मोजायचा असेल तर धान्याच्या काट्यावर फक्त मागचं चाक ठेवा, पुढची दोन चाकं काट्याच्या उंचीच्या विटांवर. एकूण वजनाच्या ३५ टक्क्यांपेक्षा जास्त आलं तर सीट पुढे सरकवा.

हातपेडल

सर, ही फळीची तपासणी आम्ही आमच्या गाड्यांवर करू. गावात आम्ही चौघं तीनचाकीवाले आहोत. माझी मापं रात्री टाकतो.

लेथवाला_कारंजा

सीट पुढं-मागं व्हायले मी दांड्यावर सरकता क्लॅम्प देतो, दोन बोल्टचा. वेल्डिंग करून सीट पक्की करू नका.

धामकाठ भाऊ, भावाले घेऊन या. येण्याआधी एक माप घरूनच आणा: भिंतीले पाठ टेकवून जमिनीवर बसवा, पाय सरळ, अन् भिंतीपासून टाचेपर्यंत टेप धरा, जोडा घालून. पेडलचा दांडा त्यावरून कापतो. पोळ्याच्या आठवड्यात दुकान बंद, बाकी कधीही या.